‘स्वस्तात युरोप’ : एका एक्सेल शीटचा पीअर रिव्ह्यू

मागच्या लेखात पीअर रिव्ह्यूची पद्धत सांगितली होती. त्यावर बहुतेकांचं म्हणणं एकच आलं: ‘ताई, नियम कळले, पण एकदा करून दाखवा.’ मागणी रास्त आहे. अडचण अशी की मी मातीवर काम करते, तुमच्यापैकी कुणी पॉलिमरवर, कुणी संख्याशास्त्रात, आणि बरेच जण अजून एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. सगळ्यांना समजेल असा एक पेपर शोधत बसले तर हा लेख दिवाळीनंतरच येईल. म्हणून पेपर बाजूला ठेवते आणि परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये फिरणारी एक एक्सेल शीट घेते. तुम्ही बाहेर गेलात तर पहिल्या महिन्यातच कुणीतरी ती तुम्हाला पाठवेल, तेव्हा ओळख आत्ताच झालेली बरी.

शीटचं नाव ‘स्वस्तात युरोप’. बनवणाऱ्याचं नाव त्यावर नाही. ४१ शहरं आहेत. रकाने असे: शहर, जाण्यायेण्याचं तिकीट, दोन रात्रींचं हॉस्टेल, जेवण, एकूण, आणि शेवटी ठळक अक्षरांत क्रमांक. पहिल्या दहा ओळी हिरव्या रंगात. बजेट कमी असेल तर हिरव्यातलं एक शहर उचला, एवढाच तिचा दावा.

रिव्ह्यूचा पहिला नियम आठवतोय का? आधी चांगलं काय ते लिहायचं, आणि ते मनापासून लिहायचं. तर लिहिते. आकडे ऐकीव नाहीत, लोकांनी स्वतःची बिलं बघून भरलेले आहेत. प्रत्येक ओळीपुढे महिना आणि वर्ष आहे, त्यामुळे जानेवारीचा दर जुलैत लावण्याची चूक टळते. जेवणाच्या रकान्यात ‘सोबत नेलेलं थालीपीठ : ०’ असंही एके ठिकाणी आहे. हा प्रामाणिकपणा मी छापून आलेल्या काही पेपरांतही पाहिलेला नाही.

आता माझा यात काय संबंध, तेही सांगायला हवं, कारण रिव्ह्यू करणाऱ्याने आपले हितसंबंध उघड करायचे असतात. मी भिलवडीची. सध्या जर्मनीत, बॉनमध्ये पीएचडी करते. भाडं, विमा, महिन्याचा किराणा आणि घरी पाठवायची रक्कम गेली की माझ्याकडे महिन्याला साधारण १२० युरो उरतात. घरी पैसे जातात ते पुराच्या पाण्याने गेलेल्या मागच्या खोल्यांसाठी सोसायटीतून काढलेल्या कर्जाला. म्हणजे एक प्रवास म्हणजे एक अख्खा महिना. वर्षाला तीन, फार तर चार. शिवाय आईचा प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला: ‘पॅरिस बघितलंस का गं?’ शेजारी सांगायचं असतं तिला. तेव्हा कुठे जायचं हा माझ्यासाठी सुट्टीतला विरंगुळ्याचा विषय नाही, चुकलं तर चार महिने चुटपुट लागते. आणि ही शीट मी दोनदा वापरली आहे.

पहिला आक्षेप व्याख्येवर. ‘स्वस्त’ म्हणजे काय, हे शीटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. रकाने बघून अंदाज करावा लागतो की तिकीट, झोप आणि जेवण यांची बेरीज कमी असेल ते स्वस्त. तुमच्या प्रबंधात तुम्ही ‘सुपीक जमीन’ असं लिहिलंत आणि सुपीकता कशाने मोजली ते लिहिलं नाहीत, तर गाईड तिथेच पेन ठेवतील. इथे तेच झालंय. युरोपातली स्वस्त विमानं शहरात उतरत नाहीत, शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या लांबच्या धावपट्टीवर उतरतात. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. साताऱ्याचं तिकीट काढून पुण्यात उतरल्यासारखं झालं, एवढंच की पुण्यात रात्री एसटी तरी मिळते.

माझी पहिली फेरी अशीच. हिरव्या रंगातलं शहर, तिकीट २४ युरो, विमान रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टेकलं. शेवटची बस ११ ला गेलेली. टॅक्सीवाल्याने ७० सांगितले. मी एकटी, फोनची बॅटरी १४ टक्के, बाहेर नुसती शेतं. दिले. दुसऱ्या दिवशी शीट उघडून पाहिलं तर त्या ओळीत एकूण ८८ युरो लिहिलेले, आणि ते भरणाऱ्यासाठी खरेही होते, कारण तो आणि त्याचे तीन मित्र पहाटेपर्यंत विमानतळाच्या बाकावर झोपले होते. मुलगे झोपू शकतात. तो आकडा चुकीचा नाही, पण तो ‘चार मुलग्यांसाठी’ आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. नमुना कोणाचा, हे मेथड्समध्ये का लिहायचं असतं, ते मला व्याख्यानात कळलं नव्हतं, त्या बाकासमोर कळलं.

एक छोटं गणित करून बघा, कागदावरच होईल. शहर ‘अ’: विमान २०, हॉस्टेल ५०, शीटनुसार ७०. त्यात विमानतळाच्या बसचे दोन्ही वेळचे १०-१० धरा, झाले ९०. दारापासून दारापर्यंत जाण्यायेण्यात १४ तास. शहर ‘ब’: रेल्वे ४५, हॉस्टेल तेच ५०, एकूण ९५. स्टेशन शहराच्या मधोमध, जाण्यायेण्यात ६ तास. आता तुमच्या एका तासाची किंमत किती धरली की क्रम उलटतो? ९० अधिक १४ क्ष बरोबर ९५ अधिक ६ क्ष. क्ष येतो ०.६२५ युरो. म्हणजे तुमचा तास ६३ सेंटचा आहे असं मानलं तरी ‘अ’ मागे पडतं. जर्मनीत ६३ सेंटमध्ये ब्रेडचा एक गोळा येतो, तोही नशीब असेल तर. याला संवेदनशीलता चाचणी म्हणतात: एखादं गृहीतक किंचित हलवायचं आणि निष्कर्ष टिकतो का बघायचं. मी अख्ख्या शीटवर हे केलं. तासाला १ युरो धरला तर हिरव्या दहांपैकी सहा ओळी हिरव्यातून बाहेर गेल्या. क्रमांक इतक्या हलक्या हाताने पडत असतील तर ते ठळक अक्षरांत लिहू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप थोडा आपल्या मातीतला आहे. आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास तुम्हाला माहीत असेल. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, एकदा पैसे भरले की कुठेही फिरा. माझा मामा दर उन्हाळ्यात सात दिवसांचा काढायचा आणि मग तो ‘वसूल’ करायचा. वसूल म्हणजे रोज रात्री गाडीत झोपायचं आणि रोज सकाळी नव्या स्टँडवर तोंड धुवायचं. त्याने शेगाव पाहिलं, तुळजापूर पाहिलं, नाशिक पाहिलं, सगळं पहाटे साडेचारला. ‘किती किलोमीटर झाले’ हे तो आल्यावर वहीत मांडायचा. पासाचे पैसे भागिले किलोमीटर, उत्तर जितकं लहान तितका मामा खूष. त्या वहीत कुठल्याही गावाबद्दल एक ओळ नाही.

हसू नका, आपण सगळे तेच करतो. जर्मनीत २०२३ च्या मेपासून महिन्याचं एक देशभर चालणारं तिकीट आहे, डॉइचलांडटिकेट. सुरुवातीला ४९ युरो, २०२५ पासून ५८, २०२६ पासून ६३. शहरातली बस-ट्राम आणि देशभरातल्या साध्या प्रादेशिक गाड्या त्यात येतात. जलद लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. विद्यार्थ्यांना त्याचीच सवलतीतली आवृत्ती बऱ्याच विद्यापीठांच्या सत्र शुल्कात मिळते. हे तिकीट खिशात असताना आणखी एका गाडीत बसण्याचा वाढीव खर्च शून्य असतो. अर्थशास्त्रवाले याला सीमांत खर्च म्हणतात. हाच आकडा तुमच्या निर्णयाला लागतो, कारण आधी भरलेले पैसे घरी बसलात तरी परत येणार नाहीत. आता शीट पुन्हा उघडा. या तिकिटावर जाता येतील अशी किती ठिकाणं आहेत त्यात? ४१ पैकी २. का? कारण यादी ‘कुठे जाता येईल’ यावरून बनलेली नाही. स्वस्त विमान कुठे उतरतं, यावरून बनली आहे. ज्या गावाला विमानतळ नाही ते गाव या युरोपात अस्तित्वातच नाही.

याला सँपलिंग फ्रेमची चूक म्हणतात. ज्या यादीतून तुम्ही नमुना उचलता तीच अपुरी असेल तर पुढचं कितीही अचूक मोजमाप उपयोगाचं नाही. या चुकीवर मी जरा थांबणार आहे, कारण ती मला शीटबाहेर, खऱ्या नदीवर भेटली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पैसे संपलेले, पण तिकीट खिशात होतं. बॉनच्या दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर आर नावाची लहानशी नदी ऱ्हाइनला मिळते. तिच्या काठाने द्राक्षबागा आहेत. आमच्या तासगावसारख्या सपाट नाहीत, उभ्या चढावर दगडी पायऱ्या करून लावलेल्या. १४ आणि १५ जुलै २०२१ च्या रात्री या नदीला पूर आला आणि त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच कृष्णेचं पाणी आमच्या भिलवडीत शिरलं होतं. तेव्हा मी घरी होते. पोटमाळ्यावर पुस्तकं चढवत असताना टीव्हीवर जर्मनीची घरं वाहून जाताना दाखवत होते, ते मला आठवतं. त्या वेळी इकडे येईन असं वाटलंही नव्हतं. म्हणून गेले. दुसरं कारण नव्हतं. गाडी तेव्हा वालपोर्ट्सहाइम या गावापर्यंतच होती, पुढचा लोहमार्ग पुराने उखडलेला, तिथून बस.

सांगलीत पूर फुटांत बोलतात. ‘आयर्विनला किती?’ एवढं विचारलं की पुरतं. १९२९ च्या त्या पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. आरच्या काठी अल्टेनआर गावात असंच मोजमापाचं ठिकाण होतं. तिथली तोवरची सर्वांत मोठी नोंद २०१६ ची, ३.७१ मीटर. २०२१ च्या त्या रात्री पाणी पावणेसहा मीटरच्या आसपास पोचल्यावर यंत्रच निकामी झालं. नंतर खुणांवरून काढलेला अंदाज दहा मीटरच्या जवळपास जातो.

आता संशोधनाचा भाग. तिथल्या नियमित नोंदी सुरू होतात १९४७ पासून. पूररेषेचे नकाशे त्या नोंदींवर बेतलेले. पण आरला १८०४ मध्ये आणि १९१० मध्येही प्रचंड पूर आले होते. गावच्या कागदपत्रांत आहेत, भिंतींवरच्या खुणांत आहेत. बॉन विद्यापीठाच्या भूगोल विभागातल्या संशोधकांनी २०२१ च्या कितीतरी आधी त्या जुन्या खुणांवरून तेव्हाचा विसर्ग काढून छापलाही होता. पण ते दोन पूर अधिकृत मालिकेत नव्हते, कारण तेव्हा यंत्र नव्हतं. यादी १९४७ पासून, म्हणून ‘शंभर वर्षांत एकदा’ येणारा पूरही १९४७ नंतरचाच. शीटमध्ये विमानतळ नसलेलं गाव नाही, नकाशात यंत्र नसलेला पूर नाही. पहिल्या चुकीत माझे ७० युरो गेले. दुसऱ्या चुकीत काय गेलं ते मी त्या गावात बघत होते. चूक मात्र एकाच जातीची आहे, आणि तुमच्या प्रबंधातही ती असणार, कारण तुमचाही डेटा कुठल्यातरी सोयीच्या वर्षापासून सुरू होतो.

फार गोड चित्र रंगवत नाही. थंडी होती, पाऊस होता, बस चुकली, आणि पुरात पडलेल्या घरांचे फोटो काढताना लाज वाटली म्हणून काढले नाहीत. २०१९ ला आमच्या गावात बाहेरून मोबाइल घेऊन आलेले लोक मला आवडले नव्हते. एका बेकरीत चहा घेतला, तिथल्या आजींनी कुठली म्हणून विचारलं. मी फोनमधला आमच्या अंगणातला फोटो दाखवला, तुळशीवृंदावनाचं नुसतं टोक पाण्यावर दिसतंय असा. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि दुकानाच्या भिंतीवर हात वर करून दाखवला, इथवर. माझं जर्मन तेव्हा एवढंच होतं की यापुढे काही बोलता आलं नाही. खर्च: चहा आणि पाव मिळून सहा युरो वीस सेंट.

तिसरा आक्षेप रिकाम्या ओळींवर, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. शीट कोणी भरली? जे गेले आणि आले त्यांनी. ज्यांना जाताच आलं नाही त्यांची ओळ नाही. माझी एक साताऱ्याची मैत्रीण लीड्सला एमएस्सी करत होती. आमचं ठरलं होतं, डिसेंबरात एकत्र फिरू. मला जर्मनीच्या निवास परवान्यावर शेंगेनमधल्या इतर देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं. तिच्याकडे ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा, तो शेंगेनमध्ये चालत नाही. वेगळा व्हिसा हवा, ज्याचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, नकार आला तरी परत न मिळणारं. त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे, दुसऱ्या शहरातल्या त्या केंद्रापर्यंतचं तिकीट, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स. तारीख मिळाली फेब्रुवारीची. डिसेंबर गेला. तिच्या बाजूने हिशेब मांडला तर शीटमधल्या प्रत्येक शहरात किमान १५० युरो वाढतात आणि पहिला क्रमांक लीड्सच्या बसला मिळतो. शीटमध्ये पासपोर्टचा रकाना नाही. भरणाऱ्यांना तो सुचलाच नाही, कारण ज्याला दार उघडं असतं त्याला दार दिसत नाही.

याच ठिकाणी तुम्हाला एक जुना मजकूर वाचायला सांगते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या, परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे नेमकं काय ते कळावं म्हणून. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या ओळखल्या जातात. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका काढली, आणि ते जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात ती आज शिकवली जाते. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं हे तुम्हाला माहीत आहे; ७ नोव्हेंबर १९०० ला ते तिथल्या शाळेत दाखल झाले म्हणून तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिवस असतो. पहिली आठवण त्याच्या पुढच्याच वर्षीची, आणि ती प्रवासाची आहे. वडील गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भाऊ, हा नऊ-दहा वर्षांचा भीम आणि बहिणीची दोन मुलं अशी चौघं नवे कपडे घालून रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी नाही. स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. मुलं महार आहेत हे कळताच मागे सरला. बैलगाड्या उभ्या होत्या, पैसे मुलांकडे होते, पण कुणी गाडीत घेईना. शेवटी ठरलं ते असं: भाडं दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. वाटेत डबा होता, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. रात्र नाक्यापाशी तहानलेलीच काढली आणि दुसऱ्या दिवशी पोचली.

भिलवडीहून पुण्याला जाताना मसूर लागतं. मी शंभर वेळा तिथून गेले असेन. तरी हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तो बॉनला येण्याच्या वर्षी.

आता इथे जपून. व्हिसाची रांग आणि अस्पृश्यता यांची बरोबरी मी करत नाही, आणि कुणी करू लागलं तर त्याला अडवा. माझ्या मैत्रिणीला फेब्रुवारीची तारीख मिळाली. त्या मुलांना पाणी मिळालं नाही. मला त्या मजकुरातलं मोजमाप दाखवायचं आहे. रेल्वेचं तिकीट चौघांना इतरांइतकंच पडलं असणार. मसूरला त्या दिवशी कुणी ‘साताऱ्याहून गोरेगाव, एकूण खर्च’ अशी ओळ भरली असती तर तीही भरणाऱ्यापुरती बरोबरच आली असती. दुप्पट भाडं आणि तहान कुठल्याच दरपत्रकात दिसली नसती. किंमत फक्त ठिकाणाची नसते, प्रवास करणारा कोण आहे यावरही ठरते, आणि हे सरासरीत लपतं. संख्याशास्त्रात याला नाव आहे: गहाळ माहिती जेव्हा योगायोगाने गहाळ नसते. एखाद्या ओळीत आकडा का नाही, हाच तिथला सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो.

याच बाबासाहेबांचा परदेशातला जमाखर्चही बघण्यासारखा आहे. १९१३ ला न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांच्या. पुढे लंडन, मग मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्धवट सोडून परत, आणि १९२० ला साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे जमवून पुन्हा लंडन. लंडनच्या या दुसऱ्या मुक्कामाच्या काळात त्यांनी आमच्या या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. एवढ्या वर्षांच्या त्या हिशेबात हौसेच्या सहली मला कुठे दिसल्या नाहीत. गावं बदलली ती ग्रंथालयं आणि पदव्यांसाठी. तुम्ही तसंच करा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः करत नाही. पण कुठे जायचं हे त्यांनी प्रश्नावरून ठरवलं, आणि शीटमध्ये ‘कशासाठी’ असा रकानाच नाही.

त्या रकान्यावरून आठवलं. मैत्रीण डिसेंबरात लीड्समध्येच अडकली आणि कंटाळून तिथल्या आर्ट गॅलरीत गेली, तिकीट नसतं म्हणून. दाराबाहेर हेन्री मूरचं मोठं ब्राँझ शिल्प आहे. मूर जवळच्याच कॅसलफर्डचा. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘याचं एक आपल्या औंधात आहे गं!’ खरंच आहे. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात, जे पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं, मूरचं लहानसं आई-मुलाचं शिल्प आहे. आठवीच्या सहलीत आम्ही औंधला गेलो होतो. मला यमाईचा डोंगर आठवतो, पायऱ्या आठवतात, कुणाचा तरी डबा सांडलेला आठवतो. मूर नाही. सांगलीपासून एसटीने तीन तासांवरच्या गोष्टीसाठी मला यॉर्कशायरहून फोटो यावा लागला. साताऱ्याचं नाव काढलं की सगळे कास पठार म्हणतात, सप्टेंबरात तिथे फुलांपेक्षा गाड्या जास्त. क्रमांक लावणाऱ्या याद्या असंच करतात, ज्याला आधी गर्दी त्यालाच पुढे गर्दी पाठवतात.

मग निकाल काय? रिव्ह्यूमध्ये शेवटी शिफारस द्यावी लागते. माझी: मेजर रिव्हिजन, नाकारू नये. सुधारणा सुचवते त्या अशा. क्रमांकाचा रकाना काढा आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या तासाची किंमत भरू द्या, शीट आपोआप क्रम लावेल. तिकीट दारापासून दारापर्यंतचं लिहा. भरणारा एकटा होता की गटात, मुलगा की मुलगी, कोणत्या परवान्यावर, हे तीन रकाने वाढवा. जे जाऊ शकले नाहीत त्यांनाही ओळ द्या आणि कारण लिहायला जागा ठेवा. विमानतळ नसलेली गावं घाला. रुपयांचा रकाना मात्र काढून टाका. प्रत्येक कॉफीचे रुपये करत बसलात तर जर्मनीत पाणीसुद्धा पिववणार नाही. पॅरिसची ओळ राहू द्या, आईसाठी. मी शेवटी मार्चमध्ये गेले, दिवसा पोचणाऱ्या बसने, आणि आवडलं.

हे सगळं मी शीटच्या तळाशी व्यवस्थित लिहिलं आणि एक नवी ओळ जोडली. ठिकाण: आर नदीचं खोरं. तिकीट: ०. हॉस्टेल: ०, संध्याकाळी परत. जेवण: ६.२०. कशासाठी: पुराच्या खुणा. दोन दिवसांनी उघडली तर ओळ नव्हती. पुसणाऱ्याने बाजूला एक शब्द लिहून ठेवला होता: ‘एअरपोर्ट?’

मी ओळ पुन्हा टाकली आहे.